आकडे आणि सामान्यज्ञान यांची सांगड: टीव्हीवरच्यासारखी प्रश्नमंजुषा कशी रचावी

शाळा, मंडळे आणि कार्यालये यांच्या बऱ्याच प्रश्नमंजुषांमध्ये आकड्यांची एक फेरी असते आणि सामान्यज्ञानाची एक फेरी असते, पण एकीचा दुसरीशी काहीही संबंध नसतो. हिशेबात चलाख असलेला खेळाडू पहिल्या फेरीत चमकतो, वाचन दांडगे असलेला दुसऱ्या फेरीत, आणि एरवी दोघेही नुसते बसून राहतात. टीव्हीवरचा चांगला खेळ असा नसतो. त्यात माहितीच्या उत्तरातून आकडा मिळतो, तो आकडा हिशेबाला लागतो, आणि कधी कधी हिशेबच माहितीतली चूक दाखवून देतो. तसा खेळ रचायचा असेल तर एक गोष्ट आधी पक्की करावी: कोडे आधी, प्रश्न नंतर. प्रश्न आधी लिहून त्यांच्या उत्तरांतून कोडे ओढून काढायला गेले की बहुतेक वेळा कोडे सुटत तरी नाही, किंवा दोन सेकंदांत सुटते.

आकड्यांचा पाया

आकड्यांच्या खेळाचा सर्वांत कसाला उतरलेला साचा फ्रेंच टीव्हीवरून आला. तिथे १९६५ मध्ये शब्दांचा एक खेळ सुरू झाला, १९७२ मध्ये त्याला आकड्यांची जोड मिळाली. त्यावरून बेतलेला ब्रिटनमधला 'काउंटडाउन' २ नोव्हेंबर १९८२ रोजी, चॅनल फोर या वाहिनीच्या पहिल्याच दिवशी दाखवला गेला. त्यात सामान्यज्ञान नाही, पण आकड्यांचे नियम इतके नेटके आहेत की ते जसेच्या तसे घ्यावेत.

एकूण २४ पाट्या. १ ते १० हे आकडे प्रत्येकी दोनदा, म्हणजे २० लहान पाट्या. त्यांच्या जोडीला २५, ५०, ७५ आणि १०० या चार मोठ्या. त्यांतून सहा पाट्या उचलायच्या, एक तीन अंकी लक्ष्य ठरवायचे आणि ३० सेकंदांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार वापरून तिथे पोहोचायचे. प्रत्येक पाटी फार तर एकदा वापरायची, सगळ्या वापरल्याच पाहिजेत असे नाही. भागाकार निःशेष जायला हवा, मधल्या पायरीवर अपूर्णांक किंवा ऋण संख्या चालत नाही. ५ आणि ३ शेजारी ठेवून ५३ करता येत नाही. हा शेवटचा नियम खेळ सुरू होण्याआधी मोठ्याने सांगावा, कारण पहिल्याच डावात कोणीतरी तसे करतेच आणि मग वाद होतो.

अचूक उत्तराला १० गुण, लक्ष्यापासून १ ते ५ ने दूर असल्यास ७, ६ ते १० ने दूर असल्यास ५. गुण फक्त जवळच्या संघाला, दोघे सारखेच जवळ असतील तर दोघांनाही.

पाट्यांची निवड पूर्णपणे नशिबावर सोडू नये. सहाही पाट्या लहान आल्या आणि त्या १, १, २, २, ३, ३ अशा निघाल्या तर काहीही केले तरी ८१ च्या वर जाता येत नाही: (१ + २) × (१ + २) × ३ × ३. तीन अंकी लक्ष्य तिथे अशक्यच. निदान एक मोठी पाटी असावी. उलट चारही मोठ्या पाट्या घेतल्या की खेळ एकदम अवघड होतो, कारण हाताशी दोनच लहान आकडे उरतात.

काउंटडाउनमधला गाजलेला एक डाव असाच आहे. पाट्या २५, ५०, ७५, १००, ३, ६ आणि लक्ष्य ९५२. उत्तर असे निघाले: १०० + ६ = १०६, त्याची तिप्पट ३१८, गुणिले ७५ म्हणजे २३,८५०, वजा ५० म्हणजे २३,८००, भागिले २५ म्हणजे ९५२. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो, पण आतली युक्ती साधी आहे. शेवटी २५ ने भागायचे ठरले की ७५ चे काम ३ करतो आणि ५० चे काम २ करतो. म्हणजे प्रत्यक्षात ३१८ × ३ − २ एवढेच करायचे आहे. कोडे रचणाऱ्याने ही युक्ती ओळखून ठेवावी, नाहीतर चार मोठ्या पाट्यांचे आपले 'न सुटणारे' कोडे एखादा खेळाडू सोडवतो आणि पंचांना ते तपासता येत नाही.

उत्तरांतून पाट्या: एक पूर्ण फेरी

आता सामान्यज्ञान आत आणू. सहा प्रश्न, प्रत्येकाचे उत्तर म्हणजे एक पाटी. आपण निवडलेल्या पाट्या अशा आहेत: ५०, १८, ८, ७, ६, ३.

अमेरिकेच्या ध्वजावर किती तारे? ५०. भगवद्गीतेचे अध्याय किती? १८. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने केलेल्या व्याख्येनुसार सूर्यमालेत ग्रह किती? ८. कबड्डीत एका संघाचे किती खेळाडू मैदानात उतरतात? ७. कीटकाला पाय किती? ६. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती? ३.

प्रत्येक बरोबर उत्तराला २ गुण. उत्तर कोणालाच आले नाही तर सूत्रसंचालकाने ते सांगावे आणि पाटी फळ्यावर लावावीच. ज्या संघाने उत्तर दिले त्यालाच पाटी द्यायची, हा मोह फार होतो, पण तो टाळावा. एका संघाकडे पाच आणि दुसऱ्याकडे एक पाटी झाली की दुसऱ्या संघासाठी पुढची फेरी संपलेलीच असते, आणि प्रेक्षकांनाही ते लगेच कळते. सहाही पाट्या दोघांसाठी खुल्या ठेवल्या की सामान्यज्ञानात मागे पडलेला संघ हिशेबात उसळी घेऊ शकतो. गुणांचे प्रमाणही त्याच हिशेबाने ठेवले आहे: सहा प्रश्नांचे मिळून १२ आणि कोड्याचे १०. प्रश्नांचे गुण साधारण ८–४ किंवा ६–६ असे वाटले जातात, त्यामुळे फेरीचा निकाल कोड्यापर्यंत टांगता राहतो.

लक्ष्य: ४६६.

रचणाऱ्याच्या मनातले उत्तर कदाचित असे असेल: (५० + ८) × ७ = ४०६, १८ × ३ = ५४, दोन्ही मिळून ४६०, अधिक ६ म्हणजे ४६६. सहाही पाट्या वापरल्या, म्हणून कोडे अवघड, असे त्याला वाटते. आता खेळाडूच्या जागी बसून पाहा. तो आधी ५० च्या पाढ्यात जवळचा आकडा शोधतो: ४५०. त्यासाठी ९ हवेत, ते ६ + ३ ने होतात. ४५० + १८ = ४६८. दोनने जास्त. उरले ८ आणि ७, त्यांतला फरक १, म्हणून ४६७. वीस सेकंदांत ७ गुण खिशात. अचूक उत्तर हवे असेल तर त्याला ही वाट सोडून ५० × ८ = ४०० वर यावे लागते. उरले ६६, म्हणजे ६ × ११, आणि ११ म्हणजे १८ − ७. झाले ४६६, पाचच पाट्यांत, ३ हाताळावाही लागला नाही.

चांगल्या कोड्याची ही खूण: जवळचे उत्तर पटकन सापडते आणि अचूक उत्तरासाठी पहिली वाट मोडावी लागते. जिथे जवळचे उत्तरही सापडत नाही, तिथे दोन्ही संघ कोऱ्या पाट्या दाखवतात. ३० सेकंदांची शांतता आणि शेवटी शून्य, यापेक्षा कंटाळवाणे प्रेक्षकांना दुसरे काही नाही.

आणि रचणाऱ्याचे उत्तर हे एकमेव उत्तर कधीच नसते. म्हणून प्रत्येक कोडे संगणकावर तपासून घ्यावे. कृती सोपी आहे: सहापैकी कोणतेही दोन आकडे घ्या, त्यांच्यावर चारपैकी एक क्रिया करा, त्या दोघांच्या जागी आलेले उत्तर ठेवा. आता पाच आकडे उरले. पुन्हा तेच, एकच आकडा उरेपर्यंत. वाटेत कुठेही लक्ष्य आले की ती वाट नोंदवा. जोड्या अनुक्रमे १५, १०, ६, ३ आणि १, प्रत्येकीवर फार तर चार क्रिया, म्हणजे जास्तीत जास्त २७,६४,८०० वाटा. साधा संगणकही एवढे काम काही सेकंदांत उरकतो. संगणक नसेल तर निदान तीन वेगळ्या माणसांना वेळ लावून सोडवायला द्यावे. रचणाऱ्याने स्वतः तपासणे पुरत नाही, त्याची नजर आपल्याच उत्तराकडे वळते.

अवघडपणा मोजायला एक साधे माप पुरते: अचूक उत्तराला कमीत कमी किती पाट्या लागतात. तीन लागल्या तर सोपे, चार लागल्या तर मध्यम, पाच किंवा सहा लागल्या तर अवघड. दोन संघांना वेगवेगळी कोडी द्यायची असतील तर हे माप दोन्हीकडे सारखे असलेच पाहिजे.

वेळ ३० सेकंद हा टीव्हीचा हिशेब, सरावलेल्या खेळाडूंचा. पहिल्यांदा खेळणाऱ्यांना ६० सेकंद द्यावेत, शाळकरी मुलांना ९०. त्याहून जास्त दिल्यास कोडे गृहपाठ होते.

ज्याचे उत्तर आकडा आहे असा प्रश्न

या खेळात सर्वाधिक भांडणे इथे होतात. शब्द उत्तर असेल तर 'थोडेसे बरोबर' म्हणता येते. आकड्यात तशी सोय नाही, आणि चुकीची पाटी फळ्यावर लागली तर पुढचे सगळे कोडेच बिघडते.

पहिला धोका म्हणजे बदलते आकडे. शनीला चंद्र किती, हा प्रश्न आकर्षक वाटतो, पण मार्च २०२५ मध्ये एका झटक्यात १२८ नव्या चंद्रांची भर पडून ती संख्या २७४ झाली. जुन्या पुस्तकातला कोणताही आकडा आता चूक. लोकसंख्या, विक्रम, सदस्यसंख्या, पुरस्कारांची संख्या, हे सगळे याच जातीचे. विचारायचेच असेल तर प्रश्नातच वर्ष घालावे.

दुसरा धोका मोजण्याच्या पद्धतीचा. खंड किती? सात म्हणणारेही बरोबर आणि युरोप-आशिया एक धरून सहा म्हणणारेही. मराठी वर्णमालेत वर्ण किती? ॲ आणि ऑ, क्ष आणि ज्ञ धरायचे की नाही यावर उत्तर बदलते. खो-खोत एका संघाचे किती खेळाडू मैदानात? पारंपरिक खेळात नऊ, पण नव्या झटपट प्रकारात सात. हीरकमहोत्सव कितव्या वर्षी? कोणी साठावे म्हणते, कोणी पंचाहत्तरावे. असे प्रश्न टाकून द्यावेत, त्यांची दुरुस्ती करत बसू नये.

तिसरा धोका शब्दांचा, आणि तो सगळ्यात फसवा. 'बुद्धिबळाच्या पटावर किती चौरस?' विचारले तर ६४ हे अपेक्षित उत्तर, पण हुशार खेळाडू २०४ म्हणू शकतो, कारण लहानमोठे सगळे चौरस मोजले तर १ पासून ८ पर्यंतच्या वर्गांची बेरीज २०४ येते. तो चूक नाही, प्रश्न ढिला आहे. 'बुद्धिबळाच्या पटावर काळी-पांढरी मिळून किती घरे?' असे विचारले की वाद मिटला. माणसाची गुणसूत्रे ४६ की २३ जोड्या, दात ३२ की दुधाचे २०, हाडे प्रौढाची २०६ की बाळाची त्याहून बरीच जास्त: प्रत्येक ठिकाणी एक शब्द घातला की प्रश्न बंदिस्त होतो. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी विचारताना 'यार्डांत' हा शब्द विसरला तर २२ ऐवजी २०.१२ मीटर हे उत्तर येते, आणि तेही बरोबरच.

असे प्रश्न ऐन वेळी सुचत नाहीत. एक वही करावी, एका आकड्याला एक पान. १ ते १२ ची पाने आपोआप भरतात. ऑलिम्पिकची वर्तुळे ५, व्हायोलिनच्या तारा ४, ऑक्टोपसची हृदये ३, व्हॉलीबॉलमध्ये एका बाजूचे खेळाडू ६. अडचण मोठ्या पाट्यांची असते. २५, ५० आणि ७५ साठी रौप्य, सुवर्ण आणि अमृतमहोत्सव हे शब्द हाताशी आहेत, पण ते सगळ्यांनाच येतात. दुसरी खाण म्हणजे मूलद्रव्यांचे अणुक्रमांक: मँगनीज २५, कथील ५०, सोने ७९, फर्मियम १००. ११८ पर्यंतचा प्रत्येक आकडा तिथे सापडतो. मात्र एका फेरीत असा एकच प्रश्न ठेवावा, नाहीतर ती रसायनशास्त्राची चाचणी होते. वहीत प्रत्येक प्रश्नाशेजारी उत्तर कुठे पाहिले आणि कधी, हे लिहून ठेवावे. वर्ष उलटले की पान पुन्हा तपासावे.

कुलपाची फेरी

चार एकअंकी उत्तरांतून चार अंकी आकडा बनवायचा आणि 'कुलूप' उघडायचे. ऑलिम्पिक वर्तुळे, ग्रह, व्हायोलिनच्या तारा, कीटकाचे पाय: ५८४६. हा प्रकार लहान गटात फार रंगतो. पण नुसता असा ठेवला तर एक उत्तर न येणारा संघ तिथेच अडकतो. म्हणून आकड्यांची मदत द्यावी. पहिला दुवा: चारही अंकांची बेरीज २३. ज्यांना तीन उत्तरे येतात त्यांना चौथे वजाबाकीने मिळते. दुसरा दुवा: पहिल्या दोन अंकांची बेरीज १३. चारही उत्तरे आहेत पण कुलूप उघडत नाही, अशा संघाला चूक कोणत्या अर्ध्या भागात आहे हे त्यावरून कळते. दुवा न घेता उघडले तर १० गुण, एक घेतला तर ६, दोन घेतले तर ३. प्रयत्न दोनच द्यावेत. जास्त दिले की संघ अंदाजाने आकडे फिरवत बसतो.

साखळीची फेरीही याच वळणाची. बुद्धिबळाची घरे भागिले ऑक्टोपसचे हात, अधिक पियानोच्या नेहमीच्या पट्ट्या: ६४ ÷ ८ + ८८ = ९६. किंवा माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष वजा एव्हरेस्ट सर झाले ते वर्ष: १९६९ − १९५३ = १६. इथे संघाने प्रत्येक कडी कागदावर लिहिलीच पाहिजे. नुसते शेवटचे उत्तर मागितले तर एका चुकीने सगळी मेहनत वाया जाते आणि ती चूक माहितीची होती की हिशेबाची, हे कोणालाच कळत नाही. प्रत्येक बरोबर कडीला १ गुण आणि शेवटच्या उत्तराला ३ ठेवावेत.

संख्यामालिका घ्यायच्या असतील तर जपून. १, २, ४, ८, १६ नंतर काय? सगळे ३२ म्हणतात. पण वर्तुळावरचे बिंदू एकमेकांना जोडून आतले जास्तीत जास्त भाग मोजले तर हीच मालिका १६ नंतर ३१ वर जाते. एकाहून जास्त रास्त उत्तरे निघतील अशी मालिका सोडून द्यावी, किंवा पुढच्या एक-दोन संख्या आधीच देऊन रस्ता बंद करावा.

मंचावर

पाट्यांवरचा अंक शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे: दर दहा फुटांमागे निदान एक इंच उंची. देवनागरी अंक वापरल्यास १ आणि ९ लांबून सारखे दिसतात, तेव्हा ९ ची गाठ ठळक काढावी. इंग्रजी अंक असतील तर ६ आणि ९ च्या पाट्यांखाली रेघ ओढावी, उलटी पाटी लागली तर कोडेच बदलते.

लक्ष्य बोलताना आधी पूर्ण आकडा, मग अंक सुटे: "चारशे सहासष्ट. चार, सहा, सहा." ध्वनिक्षेपकावर सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर हे शब्द घाईत ऐकले तर एकात एक मिसळतात. आकडा फळ्यावर लिहून झाल्यावरच घड्याळ सुरू करावे, बोलताना नव्हे.

वेळ संपली की दोन्ही संघांनी आपले अंतिम उत्तर पाटीवर लिहून एकदम उलटावे. त्यानंतरच रीत विचारावी, जवळच्या संघाला आधी. एकाचे उत्तर ऐकून दुसऱ्याने आपले बदलण्याची वाट त्यामुळे बंद होते. रीत सांगताना पंचाने फळ्यावरची प्रत्येक वापरलेली पाटी खोडत जावे. एकच पाटी दोनदा वापरली जाणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि ती नुसती ऐकून पकडता येत नाही. रीत सांगता आली नाही तर गुण नाहीत, मग उत्तर अचूक का असेना.

बझर असेल तर तो फक्त सामान्यज्ञानाच्या प्रश्नांना ठेवावा. कोड्याला बझर ठेवला तर झटपट हिशेब करणारा एकच खेळाडू सगळा खेळ खातो. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत बझर दाबला तर तिथेच वाचन थांबवावे. उत्तर चुकले तर दुसऱ्या संघासाठी प्रश्न पहिल्यापासून वाचावा.

शेवटी गुण सारखे झाले तर आणखी एक कोडे देऊ नये, त्यातही बरोबरी होऊ शकते. मोठ्या आकड्याचा एक प्रश्न ठेवावा आणि जवळच्या उत्तराला विजय द्यावा, उदाहरणार्थ मॅरेथॉनचे अंतर मीटरमध्ये. उत्तर ४२,१९५. दोघांनाही ते पाठ असण्याची शक्यता धरून पाकिटात असे तीन प्रश्न तयार ठेवावेत.